फोनातला फासा

2025 सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. मधल्या सुटीत आठवीचा एक विद्यार्थी माझ्यापाशी आला आणि त्याने विचारले, "सर, फोनमधला फासा कोण टाकतो?" मला प्रथम हसू आले, पण मुलगा हसत नव्हता. त्याचा थोरला भाऊ आमच्या बऱ्हाणपुरातील एका यंत्रमागावर काम करतो. दोन महिन्यांची मजुरी त्याने फोनवर पैसे लावून लुडो खेळण्यात घालविली होती आणि त्यावरून घरात रोज वाद चालू होता. भावाचे म्हणणे असे की, हा खेळ आपण लहानपणापासून खेळत आलो, घरी कधी सारखे हरलो नाही, तेव्हा यंत्र लबाडी करते यात शंका नाही. वडिलांचे म्हणणे, यंत्राला लबाडी करण्याइतकी अक्कलच नसते. मुलाला दोघांपैकी खरे कोणाचे, एवढेच हवे होते.

श्रोतेहो, मी इतिहास शिकवितो. संगणकाची विद्या मला बेताचीच. म्हणून मी त्याला उलट प्रश्न केला की, फोन नव्हते तेव्हा फासा कोण टाकीत असे? तो म्हणाला, "जो खेळतो तोच." या साध्या उत्तरात या खेळाचा पुष्कळसा इतिहास आहे, आणि फोनवरचा खेळ मुळापासून कसा घडवितात हेही त्यातून उलगडत जाते.

फाशांचे वेड आपल्या देशात फार जुने. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त फाशांच्या नादी लागून घर गमावून बसलेल्या जुगाऱ्याचे आहे. नल आणि धर्मराज यांच्या कथा तर प्रत्येक घरी ठाऊक असतात. आमच्या गावाहून अजिंठ्याच्या वाटेने दक्षिणेकडे गेले की पुढे वेरूळ लागते. तेथील 21 व्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिवपार्वती फासे खेळत बसलेली कोरली आहेत आणि त्यांच्या पायाशी गणांनी नंदीला घेरून त्याची थट्टा मांडली आहे. देवाधिदेवांच्या घरीही खेळ संपला की धिंगाणा होतो, हे त्या अनाम पाथरवटाने किती सहजपणे सांगितले आहे! आमच्या ख्रिस्ती धर्मग्रंथातही चिठ्ठ्या दोनदा ठळकपणे येतात. एकदा शिपाई प्रभू येशूच्या झग्यासाठी त्या टाकतात, आणि पुढे यहूदाच्या रिकाम्या जागी मथियाची निवडही चिठ्ठीनेच होते. साधन एकच; एकीकडे लूट वाटण्यासाठी, दुसरीकडे माणसाचा पक्षपात टाळण्यासाठी.

मराठी भाषेने हा खेळ किती आपलासा केला आहे, ते बोलण्यातूनच दिसते. मनासारखे दान पडते, फासे उलटे पडतात, डाव साधतो, डाव फसतो. चोराने पोबारा केला असे आपण म्हणतो, तेव्हा एक आणि दोन सहा अशा तेराच्या दानाचे नाव आपण घेत असतो, हे किती जणांच्या ध्यानात येते? मोठे दान पडले की सोंगटी दूर पळते, तसा चोर पळाला.

सारीपाट म्हणजे कापडी अधिक चिन्ह. त्याच्या चार बाहू, प्रत्येक बाहूत तीन ओळी, ओळीत आठ घरे. म्हणजे सारी मिळून 96 घरे. चार रंगांच्या प्रत्येकी चार सोंगट्या. लांबट फाशांनी खेळले तर चौसर, कवड्यांनी खेळले तर पचिशी. सहा कवड्यांच्या एका प्रचलित रीतीत सर्व कवड्या पालथ्या पडल्या म्हणजे पंचवीस मोजतात. त्यावरून खेळाला नाव पडले. फुली काढलेल्या घरात बसलेली सोंगटी कोणी मारू शकत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. आपली सोंगटी घरी पोहोचली म्हणून भागत नाही, भिडूचीही पोहोचावी लागते.

आता अकबर बादशहाकडे वळतो, कारण या कथेत खेळ घडविणारा म्हणून ज्याचे नाव निश्चितपणे सांगता येते असा तो पहिला माणूस आहे. 1600 साली तो बऱ्हाणपुरास आला होता आणि जानेवारी 1601 मध्ये असीरगडचा किल्ला त्याच्या हाती पडला, हे आमच्या शाळेतील लहान मुलेही सांगतात. परंतु ज्या अबुल फझलाने त्याच्या राज्याची बारीकसारीक माहिती 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवली, त्याने बादशहाच्या खेळांनाही जागा दिली आहे, हे सहसा सांगितले जात नाही. चौसराच्या एका डावास कधी दोनशेहून अधिक माणसे असत, सोळा डाव पुरे केल्याखेरीज कोणास घरी जाता येत नसे, खेळ तीन-तीन महिने चाले, आणि कंटाळा करणाऱ्यास दंड म्हणून मद्याचा प्याला प्यावा लागे, असे तो नमूद करतो. खेळाच्या निमित्ताने बादशहा माणसांची पारख करीत असे, असाही त्याचा अभिप्राय आहे. फत्तेपूर शिक्रीच्या अंगणात फरशीवर आखलेला मोठा पट आजही दाखवितात; तेथे सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या करीत, ही मात्र आख्यायिका समजावी.

अकबर केवळ खेळला नाही, त्याने खेळ बदलले. गंजिफांच्या पानांची त्याने फेरमांडणी केली. 'चंदल मंडल' नावाचा नवा खेळ योजिला. त्यात मध्यभागी वर्तुळ, भोवती सोळा पट्टे, सोळा खेळाडू आणि चौसष्ट सोंगट्या. चौसराचे चार हात त्याने सोळा केले, एवढाच त्याचा सारांश. बादशहा तो बारा प्रकारांनी खेळे म्हणतात. पण आज चंदल मंडल कोण खेळते? बादशहाने काढलेला खेळ विसरला गेला आणि अंगणात बायकामुलांनी कवड्यांवर खेळलेली पचिशी टिकली. सोळा माणसे जमवायला दरबार लागतो. चार माणसे कोणत्याही ओसरीवर जमतात.

एकोणिसाव्या शतकात पचिशी समुद्रापार गेली. अमेरिकेत 'पार्चिसी' या नावाने 1874 साली तिची व्यापारी नोंद झाली. इंग्लंडमध्ये 1891 साली आल्फ्रेड कॉलियर याने 'रॉयल लुडो' या नावाने पेटंट घेतले. त्याने काय केले, हे पाहण्यासारखे आहे, कारण फोनवरचा खेळ रचणाऱ्यांनाही तेच करावे लागते. त्याने 96 घरांची 72 घरे केली. कवड्यांच्या जागी एकच चौकोनी फासा आणि तो हलवून टाकण्यासाठी पेला दिला, म्हणजे हातचलाखीस वाव उरू नये. फुलीची निर्धोक घरे गळाली. भिडूही गेला. 'लुडो' हे लॅटिन भाषेतील क्रियापद असून त्याचा अर्थ 'मी खेळतो' असा आहे, हे मला एका वृद्ध धर्मगुरूंनी सांगितले होते. प्रथम पुरुष, एकवचन! आम्ही खेळतो असे नव्हे. खेळ सोपा आणि झटपट झाला खरा, पण समोर बसलेला माणूस सोबती होता तो निव्वळ प्रतिस्पर्धी झाला. जर्मनीत याच कुळातील एक खेळ योझेफ श्मिट याने विसाव्या शतकाच्या आरंभी रचला. त्याच्या नावाचा अर्थ 'माणसा, चिडू नकोस' असा आहे. पहिल्या महायुद्धात त्याने तीन हजार पट लष्करी रुग्णालयांना पाठविले आणि तेथून तो घरोघरी पसरला.

मग इंग्रजांबरोबर लुडो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे आला, आणि आपल्या मुलांना तो परदेशी खेळ वाटला. आजोळी गेलेले मूल परक्या पोशाखात परत यावे, आणि आजीने त्याला ओळखू नये, तसे झाले.

फोनमध्ये खेळ शिरला तो प्रथम लुडोच्या रूपाने नव्हे. 1997 साली नोकिया कंपनीच्या 6110 या फोनवर तानेली आर्मान्तो याने घडविलेला सापाचा खेळ आला. इवलासा पडदा, काळे ठिपके, चार दिशांना वळणारा साप. तो एकट्याने खेळायचा. चौघांचा खेळ फोनवर यायला मोठे पडदे, बोटाने चालणारे फोन आणि स्वस्त इंटरनेट यावे लागले.

तो आणण्याचे काम मुख्यतः महाराष्ट्रात, नवी मुंबईत झाले. पाटण्याहून आलेले विकास जयस्वाल हे आधी मुंबईतील खेळ बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरी करीत होते. 2010 च्या सुमारास त्यांनी 'गेमेशन' ही स्वतःची कंपनी काढली आणि 2016 साली 'लुडो किंग' हा खेळ लोकांसमोर आणला. त्याच वर्षी सप्टेंबरात देशात इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, हा योग मोठा होता. तथापि मला त्यातील दुसरी युक्ती अधिक चतुर वाटते. एकच फोन चौघांनी हातोहात फिरवून, इंटरनेटवाचूनही, हा खेळ खेळता येतो. म्हणजे ओसरीवरचा पट त्यांनी मोडला नाही, फक्त तो खिशात मावेल असा केला. पटावर तारा काढलेली निर्धोक घरेही ठेवली. कॉलियरच्या वेळी गळालेली पचिशीची फुली अशी सव्वाशे वर्षांनी घरी परतली! 2020 च्या टाळेबंदीत माणसे घरोघर कोंडली गेली, तेव्हा या खेळावर इतकी गर्दी उसळली की कंपनीला आपली यंत्रे घाईने वाढवावी लागली. दूर असलेल्या आप्तांशी खेळता खेळता बोलता यावे, अशीही सोय त्याच वर्षी झाली. वर्षअखेरीपर्यंत तो 50 कोटी वेळा फोनांवर उतरविला गेला होता. हा खेळ पैसे लावून खेळायचा नव्हे. त्यातील नाणी खोटी, आणि मिळकत मुख्यतः जाहिरातींची.

असा खेळ घडविताना पहिले काम चित्रांचे असते असे मुलांना वाटते. मी वर्गात एक प्रयोग केला. पाटीवर लुडोचा पट आखला आणि सांगितले, समजा हा खेळ कधीच न पाहिलेल्या माणसाला तुम्ही केवळ चिठ्ठी लिहून शिकवायचा आहे. तर नियम लिहा. दहा मिनिटांत वर्गात भांडणे लागली. एकाच्या घरी सहा पडल्यावाचून सोंगटी बाहेर येत नाही, दुसऱ्याच्या घरी एक पडला तरी येते. एका घरी लागोपाठ तीन सहा पडले तर दान बाद, दुसरीकडे ते नशीब समजून चालतात. एका मुलीने विचारले की, दोन सोंगट्या एका घरात असतील तर त्यांना मारता येते का? त्यावर अर्धा तास गेला. आपण घरी खेळतो तेव्हा अशी अडचण आली की आजी निकाल देते. यंत्रापाशी आजी नसते. "आमच्यात असे खेळतात" हे वाक्य त्याला कळत नाही. प्रत्येक प्रसंगी काय करायचे, ते आधी लिहून द्यावे लागते. हा नियमांचा कागद म्हणजे खेळाचा पाया होय. मग कागदाच्याच पटावर तो खेळून पाहतात. कोठे कंटाळा येतो, कोठे एकच खेळाडू सतत जिंकतो, ते नोंदून नियम बदलतात. त्यानंतर यंत्राच्या भाषेत आज्ञा लिहिणे, चित्रे, आवाज, आणि नाना तऱ्हेच्या फोनांवर चाचणी. शेवटी तो दुकानात ठेवतात, आणि खरे चुका काढणारे तेथे भेटतात.

आता फासा. यंत्राला हात नाही आणि पेलाही नाही. त्याला फक्त हिशेब येतो. मग हिशेबातून नशीब कसे काढावयाचे? 1940 च्या दशकात फॉन नॉयमन आणि लेमर या गणितज्ञांना शास्त्रीय कामासाठी हाच प्रश्न पडला होता. लेमरची रीत मी फळ्यावर करून दाखविली, ती घरी कोणालाही करता येईल. एक हा आकडा घ्या. त्याला तीनने गुणा आणि सातने भागून बाकी ठेवा. बाकी तीन. पुन्हा तीनने गुणून सातने भागा, बाकी दोन. पुढे सहा, मग चार, मग पाच. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच: फाशावरचे सर्व आकडे आले आणि कोणत्याही क्रमाने आल्यासारखे वाटतात. पण सातव्या खेपेस पुन्हा एक येतो आणि तीच माळ फिरू लागते. आमच्या वर्गाने ती लबाडी दुसऱ्या फेरीतच पकडली. म्हणून खऱ्या खेळात माळ अतिशय लांब घेतात. 1997 साली मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोन जपानी गणितज्ञांनी तयार केलेल्या एका प्रसिद्ध रीतीत माळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी जितकी दाने पडतात, तो आकडा लिहायला 6002 अंक लागतात. माळ कोठून सुरू करायची, ते त्या क्षणाच्या घड्याळावरून किंवा तशाच एखाद्या खुणेवरून ठरवितात.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाला अर्धे उत्तर असे: फोनातला फासा कोणीच टाकत नाही, तो मोजला जातो. वडील म्हणाले त्यात तथ्य आहे. यंत्र आपण होऊन लबाडी करीत नाही. परंतु त्याला आज्ञा देणारा माणूस असतो. कवड्या खेळणाऱ्याच्या मुठीत असतात आणि चार जोडी डोळ्यांसमोर पडतात. फोनातले दान पडते कसे, हे खेळणाऱ्यास दिसत नाही. पैशांच्या खेळात तर ते सामान्यतः त्याच्या फोनातही पडत नाही, कंपनीच्या दूरच्या यंत्रात पडते. तेथे विश्वासावाचून त्याच्यापाशी काही नाही.

भावाच्या संशयाचे दुसरे एक कारण मात्र अगदी निरुपद्रवी आहे. प्रामाणिक फाशानेही पहिल्या दहा दानांत एकदाही सहा न पडण्याचा संभव शंभरात सोळाइतका असतो. खेळणारे चार असल्यामुळे निम्म्याहून थोड्या अधिक डावांत कोणी ना कोणी दहा दाने ताटकळत बसणारच. तो मनात म्हणतो, फासा माझ्यावरच रुसला आहे. घरी आपण अशा वेळी हसतो, कारण गमावण्यासारखे काही नसते. मजुरी लावलेली असली की ताटकळणारा हसत नाही, आणि हरलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा लावतो. वेदातल्या जुगाऱ्याचे दुःख नेमके हेच आहे.

लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद 2021 साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पैशांचे खेळ चालविणाऱ्यांचा भर कौशल्यावर असे. सोंगटी कोणती चालवायची यात कौशल्य आहे, हे मीही मानतो. पण दान मागता येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्यास 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविले. कायद्यापाठोपाठ काही दिवसांतच मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबविले. त्या घरातील वाद त्यामुळे मिटला असे नाही. गेलेली मजुरी गेलीच, आणि भाऊ वडिलांशी कित्येक दिवस बोलत नव्हता.

मुलाने मात्र प्रश्न सोडला नाही. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी पैसे न लावता खेळायच्या एका लुडोचा फासा फोनवर 600 वेळा टाकून प्रत्येक दान वहीत लिहिले. सहा पडले 94 वेळा. मग शाळेतील लाकडी फासा 600 वेळा टाकला. त्यात सहा पडले 107 वेळा. सरासरीने 100 पडावेत. एवढा मागेपुढे फरक प्रामाणिक फाशातही पडतो, हे मी त्यांना समजावून दिले, आणि ते त्यांना पटले असे वाटते. "पण सर, पैशांच्या खेळातला फासा आपण मोजलाच नाही," तो म्हणाला. ते खरे होते. तो खेळ तेव्हा बंद झाला होता, आणि भावाच्या फोनात त्याच्या दानांची काही नोंद उरली नव्हती.

ती वही माझ्या कपाटात आहे. तिची शेवटची चार पाने त्याने कवड्यांसाठी कोरी ठेविली आहेत. सहा कवड्यांत पंचवीस किती वेळा पडतात, ते त्याला पाहावयाचे आहे. आजीच्या पेटीतल्या जुन्या कवड्या त्याने मागून घेतल्या आहेत. एक फुटकी निघाली, म्हणून सध्या पाचच आहेत, आणि सहावी शोधायला त्याचा भाऊ बाजारात गेला आहे.